आबांनी ताट पुढे दिलं

शिंदखेड्याहून वनाभाऊ निरोप घेऊन आले, की तोताराम आबांचा मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन जळगावला करायचं ठरलंय आणि आबा आमच्याकडे उतरणार आहेत. तो ऐकून माझ्या नवऱ्याचा चेहरा असा पडला, की वनाभाऊंना वाटलं घरात जागेची अडचण आहे. ते बिचारे म्हणाले, "दुसरीकडे सोय करू का?"

"छे छे, आबा दुसरीकडे कसे राहतील?" लीलाधर म्हणाले आणि उगीचच पंखा एकवर होता तो तीनवर केला.

नवऱ्याचं नाव घेऊनच लिहिते आहे. आमच्या चर्चच्या मंडळीत कोणी नाक मुरडलं तर मुरडो. लीलाधरांना वडील होते, पण असून नसल्यासारखे. दारू प्यायचे, एक दिवस सुरतेकडे गेले आणि तिकडचेच झाले. आई सरकी-कापसाच्या कारखान्यात दिवसभर. मग हा मुलगा वाढला कुठे, तर शिंदखेड्याच्या चर्चच्या ओट्यावर, तोताराम आबांच्या शब्बाथशाळेत. आबा पूर्वी मिशनच्या बैलगाडीवर गाडीवान होते. लिहिणं-वाचणं जेमतेम. पण गावातल्या ख्रिस्ती पोरांच्या दोन पिढ्या त्यांनी दर रविवारी समोर बसवून वाढवल्या. लीलाधर तिथेच पेटी शिकले आणि शेजारी बसून देवचंद ढोलकी शिकला. एकाने पेटी धरली की दुसऱ्याने ढोलकी ओढायचीच, असं त्यांचं होतं. पुढे लीलाधर पाटबंधारे खात्यात लागले, देवचंदभाऊ शाळेत मास्तर झाले आणि दोघांनीही जळगावला, पिंप्राळ्यातच घरं केली.

आणि याच दोघांनी एकमेकांना 'सलाम' म्हणणंही बंद केल्याला वर्ष होऊन गेलं होतं.

भांडणाचं कारण सांगायला मला आजही लाज वाटते. देवचंदभाऊ मंडळीचे सेक्रेटरी झाले. तरुण पोरांनी की-बोर्ड आणला. देवचंदभाऊंनी जुनी पेटी उचलून मागच्या खोलीत ठेवली आणि कुलूप लावलं. लीलाधरांना विचारलं नाही. बस, एवढंच. आमचं माणूस वार्षिक सभेत उठून सगळ्यांदेखत म्हणालं, "याला सूर कळत नाही, याला फक्त खुर्ची कळते." देवचंदभाऊही काही कमी नाहीत. ते म्हणाले, "पेटी तुझ्या बापाची नाही."

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर ते नुसतं बोलणं झालं असतं. पण हा बाप काय होता ते देवचंदभाऊंना माहीत होतं. लहानपणी त्याला गटाराच्या काठावरून दोघांनी मिळून उचलून आणलेलं होतं. लीलाधर त्या सभेतून उठून घरी आले आणि जेवले नाहीत. तेव्हापासून देवचंदभाऊ चर्चमध्ये डाव्या बाकावर बसायचे, आम्ही उजव्या. माणसंही वाटली गेली. मुलांनाही सांगून झालं, त्यांच्याकडे जायचं नाही. आमचा नोएल आणि त्यांची रूथ एका वर्गात, एका रिक्षातून शाळेत जाणारी, ती दोघंही रिक्षाच्या दोन टोकांना बसायला लागली.

आता अडचण काय होती, ते सांगते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्यात प्रभुभोजन असतं. भाकर आणि प्याला. आबांचा शिंदखेड्यातला नियम असा, की आदल्या शनिवारी ज्याचं ज्याच्याशी बिनसलं असेल त्याने त्याच्या दारात जायचं. स्वतः आबा जायचे आणि पोरांनाही बरोबर न्यायचे, म्हणजे मोठी माणसं माफी कशी मागतात ते पोरांना दिसावं. मग पोरांची पाळी. ज्यांची भांडणं झाली असतील त्यांनी समोरासमोर उभं राहायचं. आबा आपल्या अहिराणीत विचारायचे, "मन साफ शे का?" दोघांनी म्हणायचं, "साफ शे." म्हटलं की गूळ-शेंगदाणे मिळायचे. मन साफ नसताना तसं म्हणणाऱ्याला आबा ओळखायचे म्हणे, आणि त्याला त्या महिन्यात गूळ नाही. रागवायचे नाहीत, मारायचे नाहीत. फक्त म्हणायचे, पुढच्या महिन्यात.

हे मला लीलाधरांनीच लग्नानंतर सांगितलेलं. सांगताना डोळे भरून यायचे. आणि हाच माणूस वर्षभर दर पहिल्या रविवारी मनात देवचंदभाऊंना शिव्या घालत भाकर घेत होता.

वनाभाऊ गेल्यावर लीलाधर म्हणाले, "आबांना कळता कामा नये."

दुसऱ्या दिवशी भाजीवालीकडे इंदिरा भेटली, देवचंदभाऊंची बायको. आम्ही दोघी नवऱ्यांच्या पाठीमागे भाजीवालीकडेच बोलायचो. मी म्हटलं, आबा येतायत. ती म्हणाली, "माहीत आहे. हे काल वनाभाऊंकडून ऐकून आल्यापासून येरझारा घालतायत. म्हणतात, आबांना कळता कामा नये."

शब्दसुद्धा तेच. मी मेथीची जुडी हातात घेऊन तिथेच हसत सुटले. इंदिरा म्हणाली, "हसू नकोस. यांना नाटक जमणार आहे का?"

म्हणजे बघा, समेट करायला दोघांची तयारी नव्हती, पण समेट असल्याचं सोंग करायला दोघं एका पायावर तयार झाले. आणि ते ठरवायलाही एकमेकांशी बोलले नाहीत. आम्हा बायकांना मधे घातलं. देवचंदभाऊंनी आबांना स्टेशनवर घ्यायला यायचं, रोज संध्याकाळी घरी चक्कर मारायची, मुलांना खेळू द्यायचं. आबा परत जाईपर्यंत.

आबा आले. सोबत त्यांची बायको द्रौपदाअक्का, एक पिशवी, डाळींच्या पुड्या आणि मुलांसाठी फडक्यात बांधलेला गूळ. स्टेशनवर दोघं गडी दोन बाजूंनी त्यांच्या हाताला धरून चालत होते. आबा मधे. आबा म्हणाले, "तुमी दोन्ही अजून संगेच शेतस, देवनी कृपा." लीलाधरांनी "हो" म्हटलं आणि देवचंदभाऊंनी आबांची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावर हिरवा कपडा, बाहेर जाताना काळा चष्मा. देवचंदभाऊ खरोखरच रोज यायचे. सासुरवाडी रावेरची, त्यामुळे केळ्यांचा घड घेऊन यायचे आणि दिवाणाच्या अगदी काठावर बसायचे, केव्हा उठता येईल अशा बेताने. लीलाधर आबांना विचारायचे, "आबा, औषध टाकलं का?" देवचंदभाऊ आबांना सांगायचे, "आबा, आज ऊन फार होतं." दोघं एकमेकांशी जे बोलायचं तेही आबांनाच सांगायचे. मी चहा ठेवता ठेवता मान खाली घालायची. मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, माणसं मरणाच्या दारात खोटं बोलताना पाहिली आहेत. पण एवढं ओशाळवाणं खोटं मी पाहिलं नव्हतं.

एकदा आबा म्हणाले, "लीलाधर, पेटी काढ रे. देवचंद, तू ढोलकी ले. कितला दिवस व्हयनात, कान तरसी ऱ्हायनात."

पेटी कुलपात आणि किल्ली देवचंदभाऊंच्या खिशात.

"पेटी दुरुस्तीला दिलीय, आबा," लीलाधर म्हणाले.

"हो, भाता फाटलाय," देवचंदभाऊ लगेच म्हणाले.

वर्षभरात दोघांचा सूर पहिल्यांदा जुळला, तोही खोट्यात. अक्का म्हणाल्या, असू द्या, असंच म्हणा. मग दोघांनी पेटी-ढोलकीशिवाय एक गाणं म्हटलं. आबा मांडीवर ताल धरत होते. मधेच कधीतरी देवचंदभाऊंनी पितळी तांब्यावर बोटं वाजवायला घेतली आणि लीलाधरांनी वरचा सूर लावला. एक-दोन ओळी अशा झाल्या, की मला वाटलं, झालं, मिटलं. गाणं संपल्यावर दोघांनी दोन भिंतींकडे पाहिलं.

मुलांना मात्र नाटकाचं काही पडलं नव्हतं. त्यांना एवढंच कळलं, की आबा आहेत तोवर खेळायला परवानगी आहे. शाळा सुटली की रूथ आमच्या अंगणात. आबांच्या खाटेपाशी दोघं बसायची. आबा बैलांच्या गोष्टी सांगायचे, पाखऱ्या नावाचा बैल नदीत कसा बसला, उठेचना, त्याच्यापुढे आबांनी गाणं कसं म्हटलं. वचनं पाठ करून घ्यायचे. नोएल, जो माझ्याकडून एक ओळ पाठ करायला तासभर रडतो, तो आबांपुढे घडाघडा म्हणायचा.

मग तो शनिवार आला. दुसऱ्या दिवशी पहिला रविवार. दुपारी मी स्वयंपाकघरात भाकरी टाकत होते. खिडकीतून अंगणातलं ऐकू येत होतं. नोएल आणि रूथ गोट्यांवरून भांडली होती. आबांनी दोघांना समोरासमोर उभं केलं.

"मन साफ शे का?"

"साफ शे," नोएल म्हणाला.

रूथने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. मग म्हणाली, "आबा, हे तुम्ही गेल्यावर पण चालेल का?"

"का नही चाली?"

"नाही म्हणजे, तुम्ही आहात तोवरच बोलायचं ठरलंय ना. मग परत नाही बोलायचं. मग साफ म्हणून काय उपयोग?"

"पप्पांचं आणि काकांचं भांडण आहे," नोएलने समजावून सांगितलं. मोठ्या माणसाला समजावून सांगावं तसं. "तुम्हाला सांगायचं नाहीये."

माझ्या हातातली भाकरी तव्यावर तशीच राहिली. आबांनी गुळाचं फडकं जवळ ओढलं. मग म्हणाले, "तुमना दोन्हीसनं काय? तुमनं साफ शे का?"

"आमचं साफ शे," दोघं म्हणाली. आबांनी फडकं सोडलं आणि गूळ दिला. भाकरी करपली.

लीलाधर ऑफिसातून आल्यावर मी त्यांना आत ओढलं. "आबांना कळलंय. मुलांनी सांगितलं."

"आबा काही म्हणाले?"

"नाही."

"मग मुलांचं बोलणं म्हणून सोडून दिलं असेल. तू काही बोलू नकोस."

"अहो, अजूनही वेळ आहे. देवचंदभाऊ आत्ता येतीलच. दोन शब्द बोला."

"त्याने बाप काढलाय, सुनंदा. त्याने आधी बोलावं."

देवचंदभाऊ डोळ्यांचे थेंब घेऊन आले. इंदिराही होती. आबा खाटेवर बसले होते. दोघं गडी समोर. आबांनी अगदी साधेपणाने, चहा झाला का विचारावं तसं विचारलं, "आज शनवार शे ना? कोनाकडे जावानं शे का रे?"

मी दारात उभी होते. मला माहीत होतं की आबांना माहीत आहे. लीलाधरांनाही मी सांगितलेलं होतं. हा माणूस दार उघडून देत होता, दोघांनी फक्त आत पाय टाकायचा होता. मी मनात म्हणत होते, बोला, अहो बोला.

"कोणाकडेच नाही, आबा," लीलाधर म्हणाले.

"आनि तुनं, देवचंद?"

"माझंही काही नाही."

"मन साफ शे का?"

"साफ शे," लीलाधर म्हणाले. "साफ शे," देवचंदभाऊ म्हणाले. दोघंही चाळिशीला टेकलेले, एकाच्या कानशिलावर पांढरं, दुसऱ्याचं पोट सुटलेलं. आणि माझा नोएल उंबऱ्यात उभा राहून बापाच्या तोंडाकडे बघत होता. त्या क्षणी मला जमीन दुभंगावी असं वाटलं. नवऱ्याची लाज वाटली आणि तिथे उभी राहून गप्प बसले म्हणून स्वतःचीही.

आबांनी मान हलवली. "बरं," एवढंच म्हणाले.

रविवारी चर्च भरलेलं होतं. शिंदखेड्याचे आबा आलेत म्हणून लोक आवर्जून आले होते. आबांना पुढच्या बाकावर बसवलं, एका बाजूला लीलाधर, दुसऱ्या बाजूला देवचंदभाऊ. नाटकाचा शेवटचा अंक. पाळकसाहेबांनी भाकर मोडली, ताट फिरायला लागलं. आमच्याकडे बेकरीच्या पावाचे छोटे चौकोनी तुकडे असतात. ताट आबांच्या हातात आलं. लीलाधरांना वाटलं, डोळ्यामुळे दिसत नसेल, म्हणून त्यांनी आबांचा हात धरून तुकड्यापाशी नेला. आबांनी हात हळूच सोडवून घेतला आणि ताट पुढे दिलं.

प्याला आला, तोही पुढे दिला.

सगळ्या चर्चने पाहिलं. जन्मभर ज्या माणसाने एक प्रभुभोजन चुकवलं नाही, त्याने ताट पुढे दिलं. लीलाधरांनी आपला तुकडा घेतलेला होता, तो गिळताना मी त्यांना पाहिलं. पाण्याशिवाय मोठी गोळी गिळावी तसा गिळला.

उपासना सुटल्यावर आबा बाहेर पायरीवर बसले आणि दोघांना बोलावलं. मी आणि इंदिरा मागे होतो. मला वाटलं, आता रागावतील. एकदाचे रागावले तर बरं, असंही वाटलं.

आबांनी हात जोडले. "माले माफ करा रे."

"आबा, काय करताय हे!" लीलाधर खाली वाकले.

"ऐक. काल तुमी खोटं बोलनात, तव्हय माले राग उना. तुमले धाकलपनथीन शिकाडं, ते बठ्ठं फुकट गयं आसं वाटनं. हाऊ राग मना मनमा शे. मी रातले देवले सांगं, तरी जात नही. मन साफ नही, मंग भाकर कशी लेऊ?"

"आबा, चूक आमची आहे," देवचंदभाऊ पुटपुटले.

"तुमनी तुमी पहा. मी मनी माफी मांगाले उनू." आबा उठले. "राग जाई तव्हय भाकर लिसू."

दोघं तिथे उभे राहिले. हातभर अंतरावर. एकाने हात पुढे केला असता तर दुसऱ्याने धरला असता, यावर माझा आजही विश्वास आहे. पण लोक बघत होते. मंडळीची अर्धी इकडची आणि अर्धी तिकडची माणसं कोण आधी झुकतो ते बघत होती. लीलाधर स्कूटर काढायला गेले. देवचंदभाऊ चर्चचं दार लावायला गेले.

सोमवारी आबा-अक्का पॅसेंजरने परत गेले.

पुढच्या महिन्यात ताट आलं तेव्हा लीलाधरांनी ते पुढे दिलं. मी डाव्या बाजूला पाहिलं. देवचंदभाऊंनीही पुढे दिलं. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी काही जणांनी दिलं. आमच्या मंडळीत कोणाचं कोणाशी बिनसलं नव्हतं असं नाही, फक्त आतापर्यंत कोणी ते मनावर घेतलं नव्हतं. ताट अर्ध्याहून जास्त भरलेलं परत टेबलावर जायला लागलं. पाळकसाहेब ताटाकडे बघायचे आणि आमच्याकडे बघायचे.

वाटेल की यातून काहीतरी चांगलं झालं असेल. छे. न घेण्याचीही माणसाला सवय होते. लीलाधरांना तर त्यात एक प्रकारचं समाधानच मिळायला लागलं. मी निदान खोटेपणाने तरी घेत नाही, असं मला सुनावलं. मी म्हटलं, "वा! देवचंदभाऊंच्या दारापर्यंत जायला चार पावलं आहेत, त्यापेक्षा उपाशी राहणं सोपं पडतंय तुम्हाला." त्यावर ते जेवणावरून उठून गेले.

मुलांनी मात्र बोलणं सोडलं नाही. लीलाधरांनी एकदा हटकलं, तर नोएल म्हणाला, "आम्ही आबांसमोर साफ शे म्हटलंय." आवाज चढवला नाही की काही नाही. रूथने तिकडे हेच सांगितलं. मग कोणाची हिंमत झाली नाही. रिक्षात दोघं पुन्हा मधे, चिकटून बसायला लागली.

असे बरेच महिने गेले. एका शनिवारी सकाळी वनाभाऊ जळगावला काही कामाने आले, ते आमच्याकडे डोकावले. मी आबांची खुशाली विचारली.

वनाभाऊंनी कप खाली ठेवला. "डोया चांगला शे. बाकी काय सांगू. आबा भाकर लेत नही, ताई. अक्का सोता हातनी पोळी करी लई येस, आन तीच पोळी आबापुढून जास, तरी हात लावत नही. लोके म्हनतस, आबानी काय पाप करं देव जाने. पंचेसनी पोरेसना वर्गबी काढी लिधा. म्हने, जो भाकर लेत नही तो पोरेसले काय शिकाडी?"

"आबा काही सांगत नाहीत?" मी विचारलं.

"काहीच नही. म्हनस, मना मनमा राग शे. कोनावर, ते सांगत नही. वर्ग व्हस तव्हय बाहेर बठस, पोरेसना आवाज आयकत." मग त्यांनी लीलाधरांकडे पाहिलं. "तुमनाकडे येल व्हता, तव्हयपशीन शे हाई. तुमले काही माहीत शे का, भाऊ?"

लीलाधर उठून मोरीत गेले आणि तोंड धुवायला लागले. पाणी नुसतं वाहत होतं. वनाभाऊ गेले तरी ते आतच. मी दार ढकललं, तर हा माणूस बादलीच्या काठाला धरून लहान मुलासारखा रडत होता. "त्यांचा वर्ग काढला, सुनंदा. माझ्यामुळे. आणि त्यांनी माझं नावसुद्धा घेतलं नाही."

मी त्यांची समजूत काढली नाही. मला वाटलं, रडू दे.

मग त्यांनी चपला घातल्या. स्कूटरही काढली नाही, चालतच निघाले. मी मागे. देवचंदभाऊंच्या दारात पोचलो, तर ते दारातच वाकून चपलांचे पट्टे लावत होते. कुठे निघालात हे विचारण्याची गरज नव्हती.

"वना इकडेही आला होता?" लीलाधरांनी विचारलं.

"हो."

"सकाळची पॅसेंजर आहे."

"हो," देवचंदभाऊ म्हणाले. दीड वर्षानंतरचं त्यांचं बोलणं ते एवढंच.

दुसरा दिवस महिन्याचा पहिला रविवार होता; आम्ही सगळे पॅसेंजरमध्ये बसलो. मुलं खिडकीशी, मी आणि इंदिरा मधे डबा उघडून, आणि हे दोघं समोरासमोर. अमळनेर गेलं, नरडाणा गेलं, दोघं बाहेरची कापसाची शेतं पाहत होते. मी म्हटलं, काहीतरी बोला, गाडी पोचेल. लीलाधर म्हणाले, "काय बोलू? सगळं त्याला माहीतच आहे."

चर्चमध्ये पोचलो तेव्हा गाणं चालू होतं. सतरंजीवर लोक बसलेले. आबा सगळ्यात मागे, दाराच्या कडेला, भिंतीला टेकून. मुलं धावत जाऊन त्यांच्या मांडीशी बसली. आबांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला आणि वर पाहिलं. आता त्यांना स्वच्छ दिसत होतं. दोघं गडी दारात उभे, आत यायला धजत नव्हते.

गाणं संपल्यावर लीलाधर पुढे गेले. ऑफिसात मोठमोठ्या साहेबांपुढे बोलणारा माणूस, पण शर्टाचं बटण पिरगाळत उभा राहिला. बोलले ते अहिराणीत, जी त्यांनी जळगावला आल्यापासून घरातसुद्धा टाकून दिली होती. "आबानी काही पाप नही करं. पाप आमनं शे. आमी दोन्हीसनी भांडन करं आन आबाले खोटं सांगं. आबाले राग उना तो आमनावर. तुमी त्यासना वर्ग काढा, तो आमनामुळे." देवचंदभाऊ दारातूनच म्हणाले, "खरं शे हाई." आणि लोक वळून त्यांच्याकडे बघायला लागले, तेव्हा तेही येऊन पुढे उभे राहिले. अक्कांनी पदर तोंडाला लावला.

पाळकांनी प्रार्थना केली आणि ताट फिरवलं. दोघं येऊन आबांपाशी खाली बसले. ताट मागे येत येत आबांच्या हातात आलं. अक्कांच्या हातची पोळी, तुकडे केलेली. आबांनी ताट धरलं आणि दोघांकडे पाहिलं.

"मन साफ शे का?"

मला वाटलं, आता 'साफ शे' म्हणतील, दोघंही म्हणतील, आणि प्रसंगच असा होता की सगळ्यांना ते खरं वाटलं असतं.

लीलाधर खाली बघत होते. "नही, आबा," ते म्हणाले. "यानी बाप काढा, ते अजून टोचस."

"मनं बी नही," देवचंदभाऊ म्हणाले. "खुर्चीनं बोलना, ते जात नही."

एवढ्या लांबून, एवढा तमाशा करून, आणि देवाच्या टेबलापुढे हे असं उत्तर. माझी मान वर होईना.

आबा हसले. दात नसलेलं, मोठं हसू. "आज खरं बोलनात," ते म्हणाले. "मना राग गया." आणि त्यांनी एक तुकडा उचलला, डोळे मिटले आणि खाल्ला.

लीलाधरांचा हात आपसूक पुढे झाला. देवचंदभाऊंचाही झाला. आबांनी ताट दोघांच्या हातांवरून उचललं आणि पलीकडच्या माणसाला दिलं.

"तुमले पुढला महिनाले," ते म्हणाले.

उपासना सुटल्यावर पंचांनी काही विचारायच्या आत पोरं आबांच्या भोवती ओट्यावर बसली होती. आबांनी विचारलं, पोरांनी ओरडून उत्तर दिलं, गूळ-शेंगदाणे वाटले गेले. आमची दोघं त्यांच्यातच. हे दोघं बाजूला ओट्याच्या कडेला बसले होते, मधे एका माणसाची जागा सोडून. गूळ न मिळालेली पोरं बसतात तशी.

नोएल मुठीत गुळाचा खडा घेऊन आला. त्याने तो दातांनी फोडला आणि अर्धा बापापुढे धरला. "पप्पा, घ्या."

लीलाधरांनी हात पुढे केला. मग आबांकडे पाहिलं. आबा पोरांना बैलाची गोष्ट सांगत होते, त्यांचं लक्षही नव्हतं. तरी लीलाधरांनी हात मागे घेतला.

"नको, बेटा," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात."

देवचंदभाऊ मधल्या जागेत सरकून बसले. दोघांच्याही माना खालीच होत्या.